पशुवैद्यक कसा निवडावा आणि उपचारांच्या खर्चाची तरतूद कशी करावी?

पाळीव प्राण्यांच्या आरोग्याविषयी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत या वेळी रोगांपेक्षा डॉक्टरांची निवड आणि उपचारांचा खर्च यांविषयीच अधिक विचारणा झाली आहे. त्यांतील काही निवडक पत्रांना सदराच्या पशुवैद्यकीय सल्लागारांनी दिलेली उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही नुकतेच कराडहून पुण्यात राहायला आलो असून घरात नऊ आठवड्यांचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणले आहे. विक्रेत्याने एक लस झाल्याचे सांगितले, परंतु कार्ड दिले नाही. परिसरात चार-पाच दवाखाने आहेत. त्यांतला कोणता आपला मानावा, हे कशावरून ठरवावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी कार्डाविषयी लिहितो, कारण त्या बाबतीत उशीर परवडणारा नाही. लस दिल्यावर तिच्या बाटलीवरचे लेबल सोलून कार्डावर चिकटवले जाते. त्यावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते आणि शेजारी डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांकाचा शिक्का असतो. हे नसेल तर पिल्लाला एकही लस मिळालेली नाही असेच धरून चालावे. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात जपावी लागते. उघड्यावर पडून राहिलेली लस टोचली काय आणि न टोचली काय, सारखेच. पार्व्हो, डिस्टेंपर, कावीळ आणि लेप्टो यांच्यावरील एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारद्रव्ये पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस पुरेशी लागू पडत नाही आणि ती नेमकी कधी संपतात हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते, म्हणून ही पुनरावृत्ती असते. ‘एक लस झाली’ म्हणजे काम झाले, असा समज करून घेतलेल्या घरांतली पिल्ले रक्ताची हगवण घेऊन दवाखान्यात येतात, हे दर वर्षी पाहावे लागते आणि प्रत्येक वेळी तितकेच वाईट वाटते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात द्यावी आणि पुढे डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना चुकवू नये.

आता दवाखान्याविषयी. पिल्लू ठणठणीत असतानाच, लसीच्या किंवा नुसत्या वजनाच्या निमित्ताने, दोन दवाखाने पाहून यावेत. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला तिथल्या फरशीवर मात्र सोडू नये, मांडीवर किंवा पिशवीतच ठेवावे. पार्व्होचा विषाणू जमिनीवर अनेक महिने तग धरतो आणि साध्या फिनेलने तो मरत नाही. चांगल्या दवाखान्यातील मदतनीस ही सूचना आपण होऊन देतात, आणि ती मिळाली तर मी ती त्या दवाखान्याच्या खाती जमा धरीन.

भिंतीवरील प्रमाणपत्र अवश्य वाचावे. बी.व्ही.एससी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची मूळ पदवी आहे आणि एम.व्ही.एससी. असल्यास त्यापुढे शल्यचिकित्सा, औषधशास्त्र किंवा प्रसूतिशास्त्र असा विषय लिहिलेला असतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार पशुवैद्यकाची नोंदणी बंधनकारक असून आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत लस टोचणारा ‘अनुभवी माणूस’ हा डॉक्टर नव्हे.

त्यानंतर डॉक्टर प्राण्याला कसे तपासतात ते पाहावे. टेबलावर घेण्यापूर्वी वजन केले का? ताप थर्मामीटरने मोजला का? (कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे हाताला गरम लागणे म्हणजे ताप नव्हे.) ओठ वर करून हिरडी पाहिली का? हिरडीवर बोट दाबून सोडले की ती क्षणभर पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. तसे झाले नाही तर रक्ताभिसरणात काही बिघाड असू शकतो. ही साधी तपासणी आपणही घरी शिकून घ्यावी. औषधाचे नाव व मात्रा कागदावर लिहून मिळते की पुडीत नुसत्या गोळ्या बांधून मिळतात, यालाही फार महत्त्व आहे. आधी काय दिले होते हे कळले नाही, तर रात्री-अपरात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागल्यास तेही हतबल होतात.

विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. रात्री आणि रविवारी कोण पाहते? एक्स-रे, सोनोग्राफी आणि रक्त तपासणी जागेवर होते की बाहेर पाठवावी लागते? शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारी आणि देखरेख करणारी वेगळी व्यक्ती असते का? दाखल करून घेतल्यास रात्री तिथे माणूस असतो का? यांतील दोन-तीन उत्तरे ‘नाही’ अशी आली तरी तो दवाखाना बाद ठरत नाही. आपल्याकडे काय नाही आणि त्यासाठी कोणाकडे पाठवतो, हे जो डॉक्टर स्वच्छ सांगतो त्याच्यावर माझा अधिक विश्वास बसतो. इंटरनेटवरील तारे आणि शेरे पाहायला हरकत नाही, मात्र त्यांतून वागणूक आणि पार्किंग कळते, निदान कळत नाही. माझे मत असे आहे की घराजवळचा, जिथे रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता येईल असा दवाखाना नेहमीसाठी धरावा आणि चोवीस तास चालणाऱ्या एका मोठ्या रुग्णालयाचा पत्ता व फोन नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवावा.

प्रश्न : मांजराला ताप आला असता घरातील पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देऊन पाहावी का? छोट्या दुखण्यासाठी दर वेळी डॉक्टरांची फी भरणे जड जाते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कदापि देऊ नये. पॅरासिटामॉल पचवण्यासाठी लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. अर्ध्या गोळीनेही रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाऊन मांजर दगावू शकते. कुत्र्यांच्या बाबतीत आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होतात. फी वाचवायचीच असेल तर बहुतेक डॉक्टर जुन्या रुग्णाविषयी फोनवर ‘आणायला हवे की थांबता येईल’ एवढे सांगतात, त्याचा उपयोग करावा. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मात्र फोनवर वेळ न घालवता त्याच तासाला निघावे. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या आठ वर्षांच्या गावठी कुत्रीच्या गर्भाशयात पू झाल्याचे निदान झाले आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. ती वाचली, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. परंतु सर्व मिळून 32,000 रुपये खर्च आला आणि तो अगदी अनपेक्षित होता. ही रक्कम वाजवी होती का? आणि पुढच्यासाठी निवृत्तिवेतनातून तरतूद कशी करावी?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण वेळेवर निर्णय घेतलात म्हणून ती वाचली. केस पेपर न पाहता रकमेविषयी निवाडा देणे योग्य होणार नाही, पण हे बिल कशाकशाचे बनते ते सांगतो, म्हणजे आपल्यालाच पडताळून पाहता येईल. पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा हा आजार, माज येऊन गेल्यावर साधारण एक ते दोन महिन्यांत दिसू लागतो. कुत्री फार पाणी पिते, खाणे सोडते, मलूल होते. गर्भाशयाचे मुख उघडे असेल तर पू बाहेर येतो आणि मिटलेले असेल तर काहीच दिसत नाही, म्हणून तो प्रकार अधिक घातक असतो. अशा रुग्णाची आधी रक्त तपासणी व सोनोग्राफी होते, अंगात पाणी भरण्यासाठी सलाईन चालते, शिरेतून प्रतिजैविके जातात, मग वजनानुसार भूल, शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर काही दिवस दाखल राहणे व ड्रेसिंग. विषबाधा झालेल्या शरीरावर ही शस्त्रक्रिया होत असल्यामुळे जोखीम आणि खर्च दोन्ही वाढतात. हेच गर्भाशय तरुण व निरोगी वयात नियोजित नसबंदीत काढले असते, तर खर्च पुष्कळ कमी आला असता आणि हा आजार उद्भवलाच नसता. ज्यांच्या घरी तरुण कुत्री आहे त्या सर्व वाचकांनी याची नोंद घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यापुढे कोणत्याही मोठ्या उपचारापूर्वी लेखी अंदाजपत्रक मागावे. त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे असावेत. तपासण्या, भूल, शस्त्रक्रिया, औषधे आणि दाखल राहण्याचा रोजचा दर वेगळा दाखवलेला असावा. वरच्या आकड्यापलीकडे खर्च जाऊ लागल्यास आधी फोन करावा, असे त्यावर लिहून घ्यावे. रुग्ण अत्यवस्थ असताना हे बोलणे कठोर वाटते, तरी ते तिथेच आणि तेव्हाच करावे लागते. प्रामाणिक डॉक्टरांना त्याचे वाईट वाटत नाही, उलट पुढचे गैरसमज टळतात.

तरतुदीविषयी माझी पद्धत साधी आहे. ठरलेला खर्च आणि न ठरलेला खर्च यांचे पैसे एकत्र ठेवू नयेत. वार्षिक लसी, तीन-तीन महिन्यांनी जंतांचे औषध, गोचिडांवरील गोळी किंवा थेंब आणि वर्षातून एक आरोग्य तपासणी एवढे दर वर्षी येणारच आहे. डॉक्टरांकडे बसून त्यांची बारा महिन्यांची यादी दरांसह करून घ्यावी आणि एकूण रकमेला बाराने भागावे. तेवढे पैसे किराणा-दुधाच्या खर्चाप्रमाणेच महिन्याच्या हिशेबात धरावेत. अनपेक्षित आजारासाठी मात्र बँकेत वेगळे आवर्ती ठेव खाते उघडावे. त्याचे उद्दिष्ट किती असावे, हा आकडा आपल्या पत्रातच आहे: आपल्या भागात एका तातडीच्या शस्त्रक्रियेला जेवढे लागतात तेवढे, म्हणजे 32,000 रुपये. दरमहा 1,500 रुपये ठेवल्यास वर्षाला 18,000 होतात आणि दोन वर्षांच्या आत ती रक्कम उभी राहते. मधल्या काळात काही झाले नाही तर ते पैसे घरखर्चात वळवू नयेत, कारण वय वाढत जाते तशी गरजही वाढणार आहे.

आठव्या वर्षी कुत्री प्रौढत्वाच्या उतारावर असते. वर्षातून एकदा रक्ताची व लघवीची तपासणी केल्यास मूत्रपिंडाचा आजार लवकर कळतो आणि बराच काळ आहारावर व थोड्या औषधांवर आटोक्यात ठेवता येतो. दातांवर पिवळट किटण साचले असेल तर तेही दाखवावे. कोकणात राहत असल्यामुळे आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदीर-घुशींच्या लघवीमार्फत लेप्टोची लागण होते आणि हा आजार माणसांनाही होतो. त्यामुळे त्याची वार्षिक लस पावसाळ्याच्या तोंडावर पूर्ण झालेली असावी. आणि सर्पदंशावरील प्रतिविष आपल्या डॉक्टरांकडे असते का, नसल्यास जवळपास कुठे मिळते, हे आजच विचारून ठेवावे. त्याच्या एकाहून अधिक बाटल्या लागू शकतात आणि अशा वेळी खर्चापेक्षा वेळ अधिक मोलाची ठरते.

गोचिडांच्या औषधाला ‘अनावश्यक खर्च’ समजणारे पुष्कळ लोक भेटतात. गोचिडांमधून होणाऱ्या एर्लिकियासारख्या आजारात रक्तातील प्लेटलेट उतरतात, नाकातून रक्त येते, काही आठवडे औषधे चालतात आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासावे लागते. क्वचित दुसऱ्या कुत्र्याचे रक्त देण्याची वेळ येते. त्या तुलनेत गोळी स्वस्त पडते. गोळीचा दर वजनाच्या गटानुसार वाढतो, ही बाब मोठ्या जातीचा कुत्रा घेऊ इच्छिणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावी. पस्तीस किलोच्या कुत्र्याला औषध, भूल, अन्न सारेच दहा किलोच्या कुत्र्यापेक्षा कितीतरी अधिक लागते.

प्रश्न : आमच्या तालुक्यात खासगी पशुवैद्यक नाही. सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींबरोबर कुत्र्या-मांजरांनाही तपासतात का?
– एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : होय, तपासतात. शासनाच्या आणि जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचे मुख्य काम पशुधनाचे असले तरी तिथले पशुधन विकास अधिकारी हे पदवीधर पशुवैद्यक असतात आणि कुत्रे-मांजरे तपासून लस व प्राथमिक उपचार देऊ शकतात. शुल्क नाममात्र असते. अडचण असते ती मनुष्यबळाची व औषधांच्या साठ्याची. अधिकारी दुपारनंतर गावोगावी फेरीवर असतात, म्हणून सकाळी लवकर जावे. रेबीजची लस शिल्लक आहे का, हे आदल्या दिवशी विचारावे आणि नसेल तर चिठ्ठी घेऊन औषध दुकानातून बर्फाच्या डब्यातच आणावी. 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास अनेक ठिकाणी मोफत लसीकरण शिबिरे होतात. 1962 हा टोल फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे. ही सेवा प्रामुख्याने पशुपालकांच्या जनावरांसाठी असल्यामुळे कुत्र्या-मांजरांसाठी सर्वस्वी तिच्यावर विसंबू नये. एक्स-रे, सोनोग्राफी किंवा मोठी शस्त्रक्रिया लागल्यास जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जावे लागेल. तिथवर प्राण्याला नेणारे वाहन कोणाचे आणि किती भाड्याने मिळेल, हे आधीच बोलून ठेवावे. ग्रामीण भागात पुष्कळदा डॉक्टरांच्या फीपेक्षा गाडीभाडेच अधिक होते आणि हिशेबात नेमके तेच राहून जाते.

प्रश्न : कुत्र्याचा आरोग्य विमा काढावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कुत्रा तरुण असेल आणि आपण बचतीला शिस्त लावू शकत नसाल तर अवश्य विचार करावा. भारतात काही सर्वसाधारण विमा कंपन्या अशा पॉलिसी देतात. मांजरांसाठी पर्याय त्या मानाने कमी आहेत. सही करण्यापूर्वी पॉलिसीचे मूळ कागद वाचावेत, माहितीपत्रकावर थांबू नये. प्रवेशाचे किमान व कमाल वय किती आहे, सुरुवातीच्या किती दिवसांतील आजार वगळले आहेत, आधीपासून असलेल्या आजाराची व्याख्या काय केली आहे, प्रत्येक दाव्यात आपला वाटा किती, आणि बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च मिळतो की केवळ दाखल झाल्यावरचा, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडते. लसीने टाळता येणारा आजार लस चुकल्यामुळे झाला तर दावा सहसा मान्य होत नाही. नियमित लसी आणि जंतांचे औषध बहुतेक पॉलिसींत धरलेलेच नसते, म्हणजे विमा काढला तरी ठरलेला खर्च आपल्यालाच करायचा आहे. कुत्रा दुसऱ्याला चावल्यास येणारी भरपाईची जबाबदारी काही पॉलिसींत समाविष्ट असते. गजबजलेल्या सोसायटीत राहणाऱ्यांनी तो भाग मुद्दाम पाहावा. महापालिकेचा श्वान परवाना, लसीकरण कार्ड आणि नोंदणीकृत डॉक्टरांची सही असलेली बिले एकाच फाइलीत ठेवावीत.

प्रश्न : आम्ही दोघे खासगी नोकरी करतो आणि मिळकत बेताची आहे. रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्याला सतत उलट्या होत आहेत. डॉक्टरांनी एकाच वेळी पाच-सहा तपासण्या सांगितल्या. नाही म्हणायचा संकोच वाटला, आणि करायला पैसेही नव्हते. आम्ही औषध घेऊन तसेच परत आलो. अशा वेळी काय बोलावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण एका निराधार जिवाला घरात घेतले आहे, तेव्हा कमीपणा वाटून घेण्याचे काहीही कारण नाही. डॉक्टरांना सरळ सांगावे : ‘आज आमच्याजवळ एवढेच पैसे आहेत. यात सर्वांत आधी काय करायला हवे, आणि काय केले नाही तर काय धोका आहे?’ हे वाक्य तपासणी सुरू होण्यापूर्वी उच्चारावे, बिल हातात आल्यावर नव्हे. रकमेची मर्यादा कळली की डॉक्टर क्रम लावू शकतात. उदाहरणार्थ, उलट्या होणाऱ्या कुत्र्यात पोट चाचपून काही अडकले असल्याची शंका आली तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी आधी होईल. तशी शंका नसेल आणि अंगातले पाणी कमी झाले असेल तर सलाईन व उलटी थांबवणारे इंजेक्शन देऊन एक दिवस पाहता येईल आणि बाकीच्या रक्त तपासण्या प्रतिसादावर ठरवता येतील. यात काही गोष्टी निसटण्याचा धोका आहे, आणि तो डॉक्टरांनी आपल्याला समजावून सांगितला पाहिजे. मात्र तपासण्यांशिवाय नुसते औषध घेऊन परतण्यापेक्षा असा टप्प्याटप्प्याचा उपचार केव्हाही सुरक्षित असतो.

उलट्यांबरोबर पोट फुगत असेल, उलटीचा प्रयत्न होऊनही काही बाहेर पडत नसेल, रक्त दिसत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा तो उठतच नसेल, तर थांबू नये.

आपल्या शहरात नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते 1958 पासून चालू असून त्याच्या रुग्णालयात खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तपासण्या व शस्त्रक्रिया होतात. इतर ठिकाणच्या वाचकांसाठी सांगतो की मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना 1886), सातारा जिल्ह्यातील शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय, तसेच परभणी आणि उदगीर येथील महाविद्यालये हीसुद्धा महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचीच आहेत. परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय धर्मादाय तत्त्वावर काम करते. या सर्व ठिकाणी गर्दी असते, रांगेत बसावे लागते आणि विद्यार्थी आधी तपासून मग वरिष्ठांना दाखवतात. त्याला कंटाळू नये, अनेकदा तिथेच सर्वांत बारकाईने तपासणी होते. जाताना आधीच्या दवाखान्यातला केस पेपर, दिलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि शक्य असल्यास उलटीचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत न्यावा. कुत्र्याला तोंडाची पट्टी बांधून नेऊ नये, कारण बांधलेल्या तोंडाने उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. आपल्या पत्रावरून उलट्या अजून थांबलेल्या दिसत नाहीत, तेव्हा पुढच्या अंकाची वाट न पाहता उद्या सकाळीच त्याला घेऊन जावे.